तळ्यात काही सोडायचं नाही

तो तिला आधी दिसलाच नाही. दिसलं ते नुसतं पांढरं... वर पांढरं, खाली पांढरं, चहूकडे ऊन झिरपलेलं पांढरं कापड. ती आपली धक्क्यावरून सरळ चालली होती, फळ्यांमधल्या फटी चुकवत, आणि कुठूनशी वाऱ्याची एक लहर आली नि आख्खंच्या आख्खं शीड तिच्या अंगावर येऊन पडलं.

"अहो, हलू नका!" बाहेरून कुणीतरी ओरडलं.

"हलणार कशी? काही दिसतंय का मला?"

"तेच बरंय. डाव्या पायाशी पाणी आहे."

ती थिजली. कापडाला उन्हाचा वास होता, मेणाचा वास होता. बाहेर पावलं धावत आली, थांबली. मग दोन हात कापड चाचपू लागले.

"हे... डोकं का?"

"डोकंच आहे. आणि ते आता तापलंय."

तो हसला. हसू कापडातून आत आलं, नि तिला उगाचच वाटलं, अजून थोडा वेळ हे असंच राहिलं तरी काही बिघडत नाही. पण कड वर उचलली गेली, थंड वारा आत शिरला, आणि समोर एक सावळा, उंच माणूस वाकून उभा. गळ्यात दोऱ्याची लड. उजव्या तळहाताला चामड्याचा पट्टा. ओठांत बोटभर लांब सुई.

"ती सुई आधी काढा," ती म्हणाली. "मग माफी मागा."

त्यानं सुई काढून शर्टाला टोचली. "चुकलं. वाळत घातलं होतं, गाठ सैल राहिली."

"धक्क्यावर शिडं वाळत घालायला मनाई आहे."

"असं? मग तक्रार कुणाकडे करायची?"

"माझ्याकडे," ती म्हणाली, आणि खांद्यावरचं कापड बाजूला सारलं. छातीवरचा तळे-खात्याचा बिल्ला उन्हात चमकला. आता थिजायची पाळी त्याची होती.

त्या तळ्याचं पाणी सगळं गाव पितं. म्हणून तळ्यावरच्या बोटींना एकच मोठा नियम होता, आणि तो पाळला जातोय की नाही हे बघायला ती नेमलेली होती. हौशी लोकांच्या बोटी त्या, शिडाच्या, इंजिनाच्या, काहींवर इवलीशी खोली, चूल, आणि खोली आली की संडास आलाच. संडासाखाली टाकी हवी, टाकीतून तळ्यात उघडणारा कॉक बंद हवा, कॉकवर तारेचं सील हवं. टाकी भरली की धक्क्याच्या टोकाशी पंपावर यायचं, नळी लावून रिकामी करून घ्यायची. कुणी विचारलं, "काय काम करता?" तर ती म्हणायची, "पाण्याचं." पण तिचा मामा, ज्याच्या घरी ती कॉलेजपासून राहत होती, तो पाहुण्यांना खणखणीत आवाजात सांगायचा, "आमची ठमी ना? संडास तपासते!"

त्या दिवशी फेरीच्या शेवटी ती एका निळ्या बोटीपाशी आली, तर डेकवर मांडी घालून तोच. मांडीवर तेच शीड.

"तपासनीसबाई," तो उठून उभा राहिला. "गाठ आता घट्ट बांधलीय."

"मी त्यासाठी नाही आले. टाकी कुठंय?"

"टाकी नाही."

"संडास नाही?"

"संडास आहे. टाकी नाही."

तिनं पेन खाली केलं. नोकरीत असं उत्तर तिला कुणी दिलं नव्हतं. "दाखवा मला."

"पहिल्याच भेटीत?"

"दुसऱ्या," ती म्हणाली, आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन वाकून जिना उतरली. कान लाल झालेले दिसू नयेत, एवढाच हेतू.

खाली कपाटाएवढी जागा. लाकडी बैठक, तासून गुळगुळीत केलेली. तिनं सवयीनं श्वास रोखून झाकण उचललं... आणि हळूच सोडला. वास नव्हता. म्हणजे होता, पण लाकडाचा, ओलसर पानांचा. डोळे मिटले तर झाडीत उभं असल्यासारखं. वाटीएवढा पंखा कुठेतरी गुणगुणत होता.

"दोन वाटा आहेत," तो दारातून म्हणाला. "पातळ पुढं बाटलीत जातं. बाकीचं मागं, भुशात. वर आणखी मूठभर भुसा. पाणी ओतायचंच नाही. दोन्ही वेगवेगळी राहिली की वास नाही. एकत्र आली की घाण."

"एकत्र आलं की घाण... असं तुमचं एकूणच मत आहे का?"

"संडासापुरतं," तो म्हणाला.

तिनं झाकण लावलं. हसू आवरायला तिला जरा जास्तच वेळ लागला.

"चालतो असा," ती म्हणाली. "नियमात बसतो. पण बाटली रोज किनाऱ्यावरच्या संडासात रिकामी करायची. डबा भरला की किनाऱ्यावर, झाकणाच्या पिंपात, वर्षभर कुजू द्यायचं. तळ्यात काही सोडायचं नाही."

"काहीच नाही?"

"भांडी विसळलेलं पाणीसुद्धा नाही."

"उसासा?"

तिनं वर बघितलं. तो अगदी गंभीर चेहऱ्यानं उभा होता, नुसते डोळे सोडून.

"त्याबद्दल... नियमात काही लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

मग सकाळ झाली की तिची पावलं आपोआप धक्क्याच्या टोकाकडे वळायला लागली. पंप बघायचा असायचा, नळी बघायची असायची, एरवी महिनोन् महिने न बघितलेलं सगळं काही बघायचं असायचं. आणि त्याच वेळी तो बाटली घेऊन किनाऱ्यावर यायचा. बाटलीसाठी त्यानं शिडाच्या उरलेल्या कापडाची पिशवी शिवली होती, निळ्या दोऱ्याचे टाके घातलेली, इतकी देखणी की न जाणणाऱ्याला वाटावं, आत अत्तर आहे.

"काय आणलंत आज?" ती विचारायची.

"तुमच्यासाठी नाही."

"देव पावला."

पंपावरच्या मावशी, हातात जाड रबरी मोजे, केसांना रुमाल, नळी खांद्यावर टाकून हे रोज बघायच्या. एकदा तो गेल्यावर म्हणाल्या, "कुणी बाई फुलं घेऊन येतं. आपल्या नशिबी काय येईल, सांगता येत नाही."

"मावशी, काहीतरीच काय!"

"मी नशिबाचं बोलले. तुझं नाव घेतलं का?"

एका दुपारी ती धक्क्यावर असताना सर आली. त्यानं डेकवर ताणलेल्या कापडाखालून हाक मारली, आणि ती गेली. थेंब कापडावर टपटपत होते, तळं सगळं बारीक काट्यांनी फुलून आलं होतं, आणि तो कुणाचं तरी फाटलेलं शीड शिवत होता. सुई आत, तळहाताचा दाब, सुई बाहेर. तिला वाटलं, वेळ असा शिवला जात असेल.

"बघायचंय करून?" त्यानं विचारलं.

त्यानं आपल्या हाताचा पट्टा सोडून तिच्या हाताला बांधला. चामडं अजून त्याच्या हाताएवढं ऊबदार होतं. तिनं सुई खुपसली, टाका वाकडा गेला.

"उसवू?"

"नको," तो म्हणाला. "राहू दे."

"ज्याचं शीड आहे तो काय म्हणेल?"

"म्हणेल, दुपारी पाऊस होता वाटतं."

पाऊस थांबल्यावरही काही वेळ दोघांनाही ते कळलं नाही.

आणि अशात... पोहायची खाडी बंद झाली.

तळ्याच्या एका कोपऱ्यात उथळ पाणी होतं, तिथे पोरंबाळं पोहायची. नमुन्यात पाणी नासलेलं निघालं, दोन मुलं आजारी पडली, आणि लाल पाटी लागली. संध्याकाळपर्यंत धक्क्यावर एकच बोलणं. तो निळ्या बोटीतला शिडंवाला डब्यात करतो म्हणे. टाकी नाही, सील नाही. रातोरात कुठं ओततो कोण जाणे! तक्रारीच्या अर्जावर सगळ्यांत वर, वळणदार अक्षरात, सही होती ती मामाची.

मामा भूगोलाचा मास्तर. निवृत्त झाल्यावर त्यानं एक गुबगुबीत पांढरी बोट घेतली होती, आणि तिच्यावर त्याचा असा जीव होता की मामी म्हणायची, माझी सवत तरंगते. दर रविवारी तो मित्रांना जमवून तळ्यात फिरवायचा, आणि न विचारता जगातल्या नद्यांची माहिती द्यायचा.

"मामा, तू बघितलंस का त्याला काही ओतताना?" तिनं जेवताना विचारलं.

"बघायला कशाला हवं? डब्यात करणाऱ्या माणसाचा भरवसा काय?"

"वास तरी आला का कधी तुला त्याच्या बोटीवर?"

"मी जाईन कशाला तिथे? तू जातेस वाटतं!"

ती ताटात बघत राहिली. मामीनं तिच्याकडे बघितलं, मग मामाकडे, आणि मामाच्या ताटात न मागता आणखी एक पोळी टाकली. तोंड बंद राहावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. "ती निळी बोट तळ्यातून बाहेर काढा. लोक चिडलेत."

"लोकांच्या चिडण्यावर काढायची, की पुराव्यावर?" तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "मला रंग टाकू द्या, साहेब. सगळ्या बोटींत. त्याच्यापासून सुरुवात करते."

रंगाची गोळी साधीच असते. संडासात टाकायची, पाणी सोडायचं, आणि बोटीच्या कडेनं बघत राहायचं. कॉक बंद असेल तर पाणी तसंच. उघडा असेल तर तळं सांगतं.

ती निळ्या बोटीवर गेली तेव्हा तो वाट बघत होता. नेहमीसारखं हसला नाही. तिनं डबा बघितला, बाटली बघितली, बोटीचं बूड आतून चाचपलं. पाण्यात उघडणारं एक भोकसुद्धा नव्हतं. तिच्या छातीवरचा दगड उतरला. मग ती वर आली, आणि तिची नजर डेकवरच्या नव्या कुंड्यांवर गेली. शेंदरी फुलं, दाट, टवटवीत. मातीच्या कडेनं ओघळ आलेले, डेकच्या कडेपर्यंत.

"ह्या कुंड्यांत काय घातलंय?"

त्यानं एका कुंडीची कड अंगठ्यानं पुसली.

"किती दिवस कुजलेलं?"

"चार-पाच महिने," तो हळूच म्हणाला. "मातीसारखं झालं होतं. मला वाटलं, पुरे."

"पुरत नाही. पाऊस आला की हे वाहून तळ्यात जातं. तुम्हाला मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत," तो म्हणाला. "चुकलं माझं. फुलं बघून मोह झाला."

"आज उतरवा. सगळ्या."

त्यानं मान हलवली. मग, कुंडी उचलता उचलता, तिच्याकडे न बघता म्हणाला, "खाडी माझ्यामुळे नासली, असं तुम्हालाही वाटतं?"

तिला म्हणायचं होतं, नाही. शंभरदा नाही. पण मागे धक्क्यावर दहा-बारा लोक उभे होते, आणि रंगाची पेटी अजून भरलेली होती. "मला वाटून उपयोग नाही," ती म्हणाली. "दिसायला हवं."

तो एकेक कुंडी धक्क्यावरून वाहून नेत राहिला. लोक बाजूला सरकत होते, नाकाला रुमाल लावत होते. त्या शेंदरी फुलांना कसलाच वास नव्हता हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मग ती बोटीमागून बोट बघत गेली. आठवडाभर चाललं ते. कुणी कुरकुरलं, कुणी चहा विचारला, कुणाच्या खोलीत पसारा होता तर त्यांनी आधी तोच झाकला. गोळी, पाणी, आणि मग कडेला ओणवं होऊन बघत राहणं. तळं शांत. काही सांगत नव्हतं.

शेवटी एकच बोट उरली.

ती सर्वांत शेवटी का ठेवली, हे तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं. तिन्हीसांजेची वेळ होती, पाणी तांबूस झालेलं, मामा डेकवर पितळ पुसत बसलेला.

"ये, ये ठमे! आता मामाचीही तपासणी का?"

"सगळ्यांची आहे मामा."

"कर बाई. सील तूच लावलंयस."

तिनं खाली जाऊन सील बघितलं. तार होती. पण तारेचा पीळ उलट्या बाजूला होता. ती पीळ नेहमी उजवीकडे द्यायची. तिनं गोळी टाकली, पाणी सोडलं, वर आली, कडेला गुडघे टेकले.

आधी काहीच नाही. मग तांबूस पाण्यात एक हिरवा धागा. धाग्याची वेल झाली, वेलीला पानं फुटली, आणि मऊ, चमकदार, जवळजवळ सुंदर असा हिरवा रंग लाटेलाटेनं पसरत खाडीच्या दिशेनं चालू लागला.

मामाच्या हातातलं फडकं थांबलं होतं.

"एकदाच गं," तो म्हणाला. वर्गात इतकी वर्षं घुमलेला तो आवाज कुठच्या कुठे गेला होता. "मंडळी जमली होती, टाकी भरली, पंपावर ही रांग... तार सोडली, परत बांधली. कॉक नीट बसला नसेल मग. मला खरंच माहीत नव्हतं की तो असा... ठमे, इथे आपण दोघंच आहोत. कुणी बघितलं नाही."

"मी बघितलं, मामा."

एवढंच बोलली ती. मग खिशातलं कुलूप काढून तिनं बोटीच्या साखळीला लावलं, लाल चिठ्ठी डकवली, आणि धक्क्यावरून परतताना इतकी रडली की फळ्यांमधल्या फटीसुद्धा दिसेनात. पंपावरच्या मावशींनी काही विचारलं नाही. मोजे काढले, तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाल्या, "मामा राहील गं मामाच. तळं दुसरं नाही मिळत."

घरात मग अबोला. मामा पेपरामागे, ती दारामागे. मामी मधे उभी राहून दोघांना ऐकू जाईल असं भिंतीशी बोलायची. "एकाची लाज जात नाही, एकीचं रडू जात नाही. मी मात्र त्या बोटीवरच्या संडासात कधी गेले नाही, बाई. मला तो पहिल्यापासूनच आवडत नव्हता."

त्यावर पेपरामागून एक आवाज आला. खोकला असावा किंवा हसू.

दुसऱ्या सकाळी मामा इस्त्रीचा सदरा घालून कुठेतरी निघाला. ती खिडकीतून बघत होती, तर तो थेट निळ्या बोटीकडे. तिला राहवलं नाही. ती मागोमाग गेली, पंपाच्या खोलीआड थांबली.

"तुझ्याविरुद्ध अर्ज मी केला होता," मामा धक्क्यावर ताठ उभा राहून सांगत होता, जणू वर्गासमोर. "खाडी मी नासवली. तू नाही. हे मी चारचौघांत सांगणार आहे, पण आधी तुला सांगायला आलो."

शिडंवाल्यानं हातातली सुई शर्टाला टोचली. मग म्हणाला, "कुंड्या माझ्याच होत्या, सर. मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. या ना वर."

"वास येईल का?"

"बघा तर येऊन."

मामा वर गेला, खाली गेला. बराच वेळ खालून नुसते 'अच्छा', 'असं होय', 'आणि हा पंखा?' असे आवाज येत राहिले. बाहेर आला तो चेहरा उजळून. "मला असाच हवा! टाकी नको, कॉक नको, ती भानगडच नको. बसवून देशील?"

पुढचे पंधरा दिवस धक्क्यावर करवत चालू होती. मामाची टाकी निघाली, कॉकच्या जागी लाकडी खुंटी ठोकून भोक कायमचं बुजलं, तेव्हा तिनं साखळीचं कुलूप काढलं. मामा भुशावर व्याख्यान द्यायला शिकला. ती तपासायला जायची तेव्हा मामा मुद्दाम काहीतरी आणायला किनाऱ्यावर जायचा, आणि अर्ध्या वाटेतून वळून बघायचा, हे तिला दिसायचं.

पण शिडंवाला... तो आता तिच्याशी बेतानं बोलायचा. बाटलीच्या पिशवीची थट्टा नाही, उसासा नाही. 'हो', 'नाही', 'झालंय'. एकदा ती म्हणाली, "त्या दिवशी मी धक्क्यावर लोकांसमोर..."

"तुम्ही बरोबर होतात," तो म्हणाला. "मामांना जी सोडत नाही, ती मला कशी सोडेल? उलट..." तो थांबला. भुशाचा कण बोटावरून फुंकून टाकला. "उलट त्यामुळेच बोलायला जड जातं."

"काय बोलायला?"

त्यानं करवत उचलली. मामा शीळ घालत परत येत होता.

मोसम संपला. त्याच्या बोटीसारख्या पाहुण्या बोटींना तेवढ्यापुरतीच जागा मिळायची. मग बंधाऱ्याच्या दारातून खालच्या नदीत, आणि तिथून जिकडे शिडं फाटतील तिकडे. खाडीवरची लाल पाटी निघाली, पोरं पुन्हा पाण्यात उड्या मारू लागली, आणि एका संध्याकाळी तो तिला म्हणाला, "उद्या निघावं म्हणतो. सकाळी, वारा असेल तर."

"बरं," ती म्हणाली.

नुसतं 'बरं'! घरी जाऊन तिनं आरशातल्या स्वतःला चार शिव्या घातल्या.

सकाळी उठली तर खिडकीबाहेर जग नव्हतं. धुकं. दाट, सायीसारखं, अंगणातलं झाडसुद्धा गिळलेलं. मामाचं अंथरूण रिकामं, मामीचंही. दोघं बोटीवरची नवी सोय मिरवायला पहाटेच पाण्यावर गेली असणार. तिनं अंगावर शाल ओढली आणि धावत सुटली.

धक्क्यावर निळ्या बोटीची जागा मोकळी होती. दोर सोडलेले, पाणी अजून किंचित हलत होतं. ती धक्क्याच्या टोकाला येऊन थांबली. समोर नुसतं पांढरं. वाऱ्याची झुळूक नव्हती, पान हलत नव्हतं. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वारा पडलाय. म्हणजे तो फार लांब गेलेला नाही. तो इथेच आहे कुठेतरी, हातभर अंतरावर किंवा कोसभर.

"आहात का?" तिनं हाक मारली.

अगदी जवळून आल्यासारखा, पाण्यावरून सरकत आवाज आला.

"आहे. वारा पडला."

"न सांगता निघालात."

"काल सांगितलं. तुम्ही 'बरं' म्हणालात."

"तुम्ही 'निघावं म्हणतो' म्हणालात. असं म्हटल्यावर माणूस काय म्हणणार?"

शिडाच्या दोरावरून थेंब पडल्याचा आवाज तेवढा. तो दिसत नव्हता म्हणून असेल, किंवा जग उरलंच नव्हतं म्हणून, तिला एकदम सगळं सोपं वाटायला लागलं.

"काल काय बोलायला जड जात होतं?" तिनं विचारलं.

"काल नाही. पंधरा दिवसांपूर्वी."

"तेच ते. आता बोला. मला काही दिसत नाहीये."

"तपासनीसबाई..." तो थांबला. "मी एका जागी कधी राहिलो नाही. जागा आवडली तरी निघतो. यंदा पहिल्यांदा असं झालं, की दोर सोडताना हात उठेना. वारा पडला तेव्हा मी... मी देवाचे आभार मानले. इतका मूर्ख आहे मी."

तिनं शाल घट्ट धरली. इतके दिवस जिभेवर असलेलं 'अहो' आणि 'तुम्ही' कुठे सांडलं, तिला कळलंही नाही.

"मग जाऊ नकोस ना," ती म्हणाली.

शब्द धुक्यात शिरला. पलीकडे काहीतरी लाकडावर आपटलं. वल्हं असावं.

"काय म्हणालीस?"

"जाऊ नकोस म्हणाले. मला तू आवडतोस. धक्क्यावर एक रिकामी शेड आहे, तिथे हवी तेवढी शिडं शीव. पिंपांना जागा आहे. आणि नसली जागा, तरी... तरी थांब. माझ्यासाठी थांब. झालं, बोलले मी!"

मग वल्ह्याचा आवाज. एक, आणि आणखी एक... आणि तो जवळ येत होता.

तेवढ्यात उजवीकडच्या धुक्यातून, फार लांबून नव्हे, कुणीतरी घसा खाकरला.

"ठमे," मामाचा आवाज आला, "तेवढं शेवटचं परत म्हण. मामी आत चहा करत होती, तिला नीट ऐकू गेलं नाही."

"मामा!"

"आणि तू रे! वल्ही जरा जोरात मार. पोरगी थंडीत उभी आहे!"

धुक्यातून मामीचं हसू आलं, कपबशीचा किणकिणाट आला, आणि मग पांढऱ्यातून हळूहळू निळं टोक बाहेर आलं. तो वल्ही टाकून उभा होता, केसांवर धुक्याचे थेंब, चेहऱ्यावर असं हसू की ते कुठे ठेवावं हे त्याला कळत नव्हतं. बोट धक्क्याला टेकली. त्यानं दोर तिच्याकडे फेकला नाही. हातात दिला, आणि हात तसाच राहू दिला.

"बांध," तो म्हणाला.

तिनं बांधला. बोटं गारठली होती, गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा दोघांनी मिळून मारली.